सुळक्याच्या पोटातलं चर्च

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. संशोधन करणाऱ्यानं नोंदी ठेवायला हव्यात.
सकाळी आमचं घर ज्यात कोरलंय त्या सुळक्याखाली एक गाइड टुरिस्टांना सांगत होता, की एर्जियेस डोंगरानं राख ओकली, तिचा मऊ दगड झाला, वर लाव्ह्याची कडक लादी बसली. मग पावसानं कोरून कोरून सुळके तेवढे उरले, डोक्यावर लादीचा तुकडा टोपीसारखा. शाळकरी थिअरी! माझी थिअरी अशी: प्रत्येक सुळका म्हणजे ज्वालामुखीचं एकेक धुराडं. धुराडं म्हटलं की पोकळी आली. अशी पोकळी जुन्या ख्रिस्ती साधूंनी चर्च कोरल्याशिवाय सोडली असेल? आत चर्च आहे. नक्की.
गाइडला हे सांगितलं. तो टुरिस्टांना घेऊन पुढे गेला.

४ मार्च
कोठाराची पश्चिमेची भिंत ठोकून पाहिली. आवाज पोकळ. माझी बायको सैमे म्हणाली, पलीकडे नेजातीची खोली आहे, पोकळ वाजेल नाहीतर काय! तिला पुन्हा बजावलं, या घरात माझ्या त्या भावाचं नाव काढायचं नाही. काढलं तर मी जेवणार नाही.
बाबांनी सुळका आम्हा भावांत अर्धा-अर्धा वाटला, पण कबुतरखाना त्याच्या बाजूला गेला. म्हणजे कबुतरांच्या विष्ठेचं सगळं खत त्याच्या द्राक्षांना. धाकट्यानं ‘दादा, अर्धं तू ने’ म्हणायला नको? म्हणाला, पण तोंड वाकडं करून. तेव्हापासून बोलणं बंद.
आणि त्याची खोली भिंतीपासून लांब आहे. मधे जागाच जागा.

१२ मार्च
खणायला सुरुवात. आतला दगड पनीरसारखा कापला जातो. वारा लागला की मात्र हळूहळू टणक होतो. म्हणून तर आमच्याकडे मुलाचं लग्न ठरलं की आणखी एक खोली कोरतात.
प्लॅन: आधी चर्च, मग तिकीट, मग दारावर माझा फोटो.
चहावाला फेहमी म्हणाला, रुश्तूदादा, चर्च सापडलं की आधी स्वतःची पापं कबूल करून घ्या, नंतर गर्दी होईल. सगळे हसले. हसू देत.

१५ मार्च
कंबर धरली. संशोधन बंद.

३० मार्च
पुन्हा सुरू. हातभर खोल गेलो.
एक गोष्ट लक्षात आली. पलीकडून आवाज येत नाही. पूर्वी रोज संध्याकाळी रेडिओ मोठ्यानं, वर त्याचा खोकला. आता चिडीचूप. कान लावून बसला असणार. जळतोय. सैमे म्हणाली, अहो, कान लावायला तिकडे कोण... मी हात वर केला. नियम म्हणजे नियम. ती ताट वाढून निघून गेली.
आई गेली त्या वर्षी हाच माणूस तिकडून ही भिंत ठोकत होता. माझं कोठार पाडायला! मी थेट कचेरीत तक्रार केली, तेव्हा थांबला.

१८ एप्रिल
विजय! कडक थर लागला. कुदळीतून ठिणग्या. धुराड्याचं लाव्ह्याचं अस्तर!
सैमे म्हणाली, दगड कडक लागला म्हणजे पलीकडे वारा आहे, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बायकांना थिअरी कळत नाही. परवा सगळ्यांना बोलावलंय. पेपरवाल्यालाही.

२० एप्रिल, संध्याकाळ
फुटलं.
पेपरवाला आला नाही. बाकी सगळे आले. पलीकडची भिंत काजळीनं काळी. मी ओरडलो, मेणबत्त्यांचा धूर! आणि सरपटत आत गेलो. द्राक्षं टांगायच्या खुंट्या. एक कॅलेंडर, ऑक्टोबरवर थांबलेलं. बाकी काही नाही.
फेहमीनं डोकं आत घातलं आणि म्हणाला, दादा, ही तर नेजातीची खोली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
सगळे गेल्यावर सैमेनं सांगितलं. ऑक्टोबरमध्येच घर विकून तो लेकीकडे मर्सीनला गेला. छातीचं दुखणं वाढलं होतं. अख्खं गाव निरोप द्यायला गेलं, सुखरूप परत यावा म्हणून गाडीमागे पाणी ओतलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, नाव न काढता कसं सांगायचं, ते तुम्हीच सांगा.

२१ एप्रिल
सकाळी पुन्हा त्या बाजूला गेलो. माझ्या भोकाभोवती तिकडून आधीच खणलेलं आहे. माणसाच्या उंचीचं, कोपर जाईल एवढं खोल. माझं अस्तर ते हेच. जुनं काम, वारा लागून टणक झालेलं.
सैमे म्हणाली, दार पाडत होता तो. आई गेल्यावर म्हणाला होता, वहिनी, दादाला सांगा, आता दोन चुली कशाला. मी तोंड उघडलं, तुम्ही ताट सरकवलंत. मग कचेरीचा माणूस आला.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दिवसभर काही खाल्लं नाही. आज नाव मीच काढलं होतं.
उद्या फोन करायचा. नंबर सैमेकडे आहे. तिच्याकडे पहिल्यापासून आहे.

२२ एप्रिल
नंबर कागदावर लिहून घेतला. दोनदा फोन हातात घेतला.
नीट विचार केला. लहान तो आहे. पहिला फोन त्यानंच करायला हवा.
भोकातून गार वारा येतो. कोठारात बसवत नाही.
फोन चार्ज करून ठेवलाय.