दोन टोपल्या

३ मार्च
साबणवाल्याने पाच गठ्ठे कागद परत पाठवले! त्याच्या खोक्यांना पांढराशुभ्र लागतो, आणि यावर पिवळे ठिपके आहेत म्हणे. पुन्हा असं झालं तर दुसरीकडून घेईन म्हणाला.

ठिपके म्हणजे गाठी. गव्हाचं काड कॉस्टिक सोड्यात कितीही शिजवा, त्यातल्या गाठी शिजत नाहीत. लगदा करण्याआधी त्या हाताने वेचायच्या. ते काम आम्हा दोघींचं, आईचं आणि माझं. दोघींच्या दोन टोपल्या. हा माल झाला त्या आठवड्यात आई तापाने फणफणलेली. सकाळी कशीबशी वेचायची, दुपारी जाऊन आडवी व्हायची. मग चूक कोणाची, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

५ मार्च
सांगून टाकलं तिला, गाठी तुझ्या टोपलीतून सुटल्या, तुला आता नीट दिसत नाही. भट्टी सांभाळणारा दादा मान खाली घालून लगदा ढवळत राहिला. वाईट व्हायला मी एकटीच!

आई म्हणाली, "मी डोळ्यांनी कुठे वेचते? हाताला कळतं."

मी म्हटलं, आता पुरे, आराम कर. तिची टोपली खिळ्याला टांगली.

६ मार्च
शेडमध्ये फार अंधार वाटतो. दादाला ट्यूब बदलायला सांगितली.

११ मार्च
आई रोज येते, भिंतीला टेकून बसते. बोटं मांडीवर चालूच. आज म्हणाली, "तुझी टोपली आण इकडे, मी एकदा बघते."

तुझी म्हणे! स्वतःची कुठली नि माझी कुठली, तेही ध्यानात राहिलं नाही. मी खेकसले.

१९ मार्च
पुन्हा तेच. "तू जेवायला उठलीस की मी..." एवढं म्हणून थांबली. भट्टी उतरवायची होती, मीही पुढचं विचारलं नाही.

२ एप्रिल
आई गेली. चहा घेऊन उठवायला गेले, तर हात गार.

९ एप्रिल
टोपली खिळ्यावर तशीच आहे. काढवत नाही. माझ्या आईला मी कामावरून काढलं — शेवटचा महिना तिने रिकाम्या हाताने काढला. पण धंदा टिकवायचा तर दुसरं काय करणार होते? रोज मनाला हेच समजावते. मन ऐकत नाही.

२५ एप्रिल
माल परत. ठिपके आधीपेक्षा जास्त. साबणवाल्याने काम काढून घेतलं.

दीड महिना वेचणारी मी एकटी.

दादाने एक कागद माझ्यापुढे धरला. मला तो पांढराच दिसला. ट्यूब बदल म्हटलं, तर म्हणाला, बदलून महिना होऊन गेला.

२७ एप्रिल
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडे मोतीबिंदू, वर्ष तरी झालं असेल.

वर्षभर मी जेवायला उठत होते, आणि आई माझी टोपली पुन्हा वेचत होती.