खराऱ्याचा शेवटचा हात

मामा,

आज सकाळी तुमच्या घोडीला खरारा केला. रोजच करते, पण आज करता करता तुमचा राग आला. दहा वर्षं होत आली तुम्हाला जाऊन. एवढ्या वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा अजून राग येतो म्हणजे त्याला काहीतरी सांगायचं राहिलंय असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं येतंय. पेन दोन बोटांत ठरत नाही, मुठीत धरून लिहावं लागतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा निदान अक्षराला तरी तुम्ही नाव ठेवू शकणार नाही.

मी सून होऊन सीमेवरच्या या कमलनगरला आले तेव्हा तुमचा टांगा स्टेशनासमोर उभा असायचा. गाडी आली की तुम्ही उतारू घेऊन खेड्यांकडे जायचात. मग जीपगाड्या आल्या. माणसं टपावर बसून जायला तयार, पण टांग्यात बसेनात. तुम्ही वर्षभर हट्टानं घोडा जुंपलात, मग एक दिवस चाकं काढून भिंतीला लावलीत. घोडा गेला आणि त्याच्या जागी वरातीसाठी ही पांढरी घोडी आली. तुमचा थोरला लेक म्हणाला, घोडीवर दोन घरं चालायची नाहीत, आणि हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर गेला. एका उन्हाळ्यात तिकडून माझ्या नवऱ्याला आणलं ते जीपमध्ये आडवं घालून. त्या दिवशी तुम्ही रडला नाहीत. घोडीजवळ गेलात आणि दुपार टळेपर्यंत तिला घासत राहिलात. मी दारातून बघत होते. मलाही कशाला तरी असं घासत राहावंसं वाटत होतं.

म्हणून मी तुमच्याकडे काम मागितलं. माझी बोटं तेव्हाच सुजायला लागली होती. सकाळी मूठ मिटत नसे, मिटली तर उघडत नसे. हे तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही शिकवलंत. मानेपासून सुरुवात, केसांच्या बाजूनं, पोटाखाली हलकं, पायाला खरारा लावायचाच नाही. सगळं झालं की खांद्यावर टाकलेलं एक पांढरं धोतर घडी करून तिच्या अंगावरून ओढायचं. कापडाला मळ लागला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि कापड पांढरं निघालं की सगळं बाजूला ठेवून उघडा तळहात मानेपासून शेपटीपर्यंत एकदा फिरवायचा. "शेवटचा हात उघडा पाह्यजे," तुम्ही म्हणायचात. "तिला कळू दे कोनी केलं."

माझ्या हातून कापड कधी पांढरं निघालं नाही. पौषातल्या एका सकाळी थंडीनं बोटं लाकडासारखी झाली होती. खरारा हातातून सुटून तिच्या खुरावर पडला, मी उचलला, पुन्हा पडला. घोडी दचकून मागे सरली आणि बादली उलथली. रस्त्यावरची चार माणसं थांबून बघत होती. तुम्ही माझ्या पायाशी पडलेला खरारा उचललात.

"राहू दे. हे हात घोडीचे न्हाईत."

"मामा, ऊन आल्यावर करते."

"घोडी तुझ्या उन्हाची वाट बघत थांबती का? जा, वाचत बस जा. वाचून कुठं चमकायली का बघ घोडी."

वाचण्यावरून बोललात ते जास्त लागलं. हरभऱ्याच्या पुड्यांचे कागद मी जपून ठेवायचे. घोडीच्या तोंडाला तोबरा बांधला की ती खायची आणि मी शेजारी बसून अक्षर लावायचे. मराठी तशीच आली, कानडी बसच्या पाट्यांवरून. कुणी शिकवलं नव्हतं. तेवढं एकच माझं होतं, आणि तेही तुम्ही माणसांसमोर काढलंत.

पण खरं ते सगळं लिहायचं तर त्या दिवसाची संध्याकाळही लिहावी लागेल. माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर एक बाटली ठेवलेली होती. घोडीच्या गुडघ्याला लावायचं ते काळं, उग्र वासाचं तेल. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. सासऱ्यानं सुनेच्या हाताला काय झालं म्हणून विचारायचं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं. पुढं कित्येक हिवाळे घोडी आणि मी एकाच बाटलीतलं तेल लावत होतो. आमचा वासही एकच झाला होता. शेजारीण नाकाला पदर लावून म्हणायची, "अक्का, तू आलीस का घोडी आली ते दिसल्याबिगर कळंना बघ."

मग तुम्ही खाटेवर पडलात. आणि जाता जाता धाकट्या लेकाला सांगून गेलात, घोडी जत्रेत नेऊन विक, हिच्या हातानं व्हायचं नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होते. तुम्ही मला बघून बोललात, की न बघता? हे मला अजून कळलेलं नाही. राग आहे तो त्याचा आहे, मामा. खरारा उचलून घेतल्याचा नाही.

तुमचे तेरा दिवस झाले आणि धाकटा समोर येऊन बसला. तो तेव्हा पुण्याला बांधकामावर मुकादम झाला होता.

"वहिनी, अप्पा सांगून गेलेत. घोडी जत्रंत न्यायची. तुम्ही चला आमच्यासंगं पुण्याला."

"तिथं मी काय करू?"

"साइटवर गावाकडची पोरं हाईत. भाकऱ्या करनारं कोनी न्हाई."

"माझ्या हातानं घोडी व्हत न्हाई म्हनता, मग पोरांच्या भाकऱ्या कशा व्हतील?"

"भाकरीचं काय एवढं? ते बायकांना येतंच की."

तुम्हाला हे ऐकायला मिळालं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. घोडीला न पुरणारे हात परातभर पीठ मळायला बरे पुरत होते. त्या क्षणी मी ठरवलं की घोडी सोडायची नाही. मला मूलबाळ नाही, नवरा गेलेला, आणि गावात कुणी मला ओळखत असेल तर घोडीवाल्यांची म्हणून. पुण्याला गेले असते तर मुकादमाची वहिनी, चुलीपाशी बसलेली, आणि मरेपर्यंत तेवढीच.

मी म्हणाले, "संतपूरच्या वरातीची सुपारी मामांनी घेतलीय. तेवढी मी करते. लग्नघरानं नाव ठेवलं तर दावं मीच तुमच्या हातात देते, मग खुशाल जत्रंत न्या."

"तयार कोन करनार घोडी?"

"मी."

तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, हातांकडे बघत होता. "बघा वहिनी, मागनं म्हनू नका."

मग मी तुमच्या वस्तूंना हात घातला. भिंतीवर तेल लावून जपलेला टांग्याचा पट्टा काढला आणि मोच्याकडे नेला. खराऱ्याला पाठीमागून असा बसवून घेतला की पंजा आत सरकवला की झालं, बोटं मिटायला नकोत. तुमचं पांढरं धोतर धाकट्यानं वर्षश्राद्धाला म्हणून पेटीत ठेवलं होतं. ते फाडून कोपरापर्यंत येईल अशी पिशवी शिवली. सुई दातांनी ओढत शिवली. पिशवीत हात घालून मनगटानं, कोपरानं, सगळं अंग टेकवून घासायला लागले. जोर बोटांतूनच आला पाहिजे असं तुम्ही म्हणायचात, तो मी खांद्यातून आणला. तिचं खूर धरून उचलायची ताकद नव्हती, म्हणून टांग्याचा एक लाकडी ठोकळा ठेवला आणि त्यावर पाय ठेवायला तिला शिकवलं. खुरातली घाण काढायचा आकडा दोन्ही मुठींत धरला. दाव्याची गाठ सुटत नसे, म्हणून गाठच काढून टाकली, फास आणि लाकडाची खुंटी केली. सकाळी हरभरा उकडत असताना पातेल्याच्या वाफेवर हात धरायचे, एक बाजू करायचे, ऊन चढलं की दुसरी. घोडी माझ्या उन्हाची वाट बघत थांबली, मामा. थांबते ती. तुम्ही कधी थांबवून बघितलं नव्हतं.

संतपूरला पहाटेच निघाले. घोडीचा लगाम माझ्या कोपरात अडकवलेला. धाकटा मागून मोटारसायकलवर येणार होता. रस्त्याचं काम चालू होतं, ट्रक जायलेले, त्यामुळे पोचेपर्यंत पांढऱ्या घोडीची मातकट घोडी झाली. घरी केलेलं सगळं वाया. विहिरीजवळ मांडवातल्या माणसांच्या डोळ्यांदेखत पुन्हा सुरुवात करावी लागली. हातात धोतराची पिशवी, अंगानं घोडीवर रेललेली बाई. लोकांना तमाशाच झाला.

कट्ट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "अक्का, घोडी धुवायलीस का पाट्यावर वाटण वाटायलीस?"

"वाटनच हाय काका. चव लागली तर सांगा."

माणसं हसली. मीही हसले आणि मान खाली घालून घासत राहिले. आता कुणीतरी कपाळाकडे बघणार, विधवेच्या हातची घोडी नवरदेवाला चालते का म्हणणार, आणि धाकट्याला तेवढंच हवं होतं. तो येऊन विहिरीच्या काठावर बसला होता. तेवढ्यात नवरदेवाची आजी काठी टेकत आली. पुढं येऊन माझ्याकडे निरखून बघायला लागली. मीच आधी बोलले.

"आजी, मालक गेलेत माझे. चालत नसंल तर आत्ताच सांगा."

"कामून चालंना?" गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून ती म्हणाली. "आमच्या लिंगायतात तसलं कायबी न्हाई. वाजाप सुरू झालं की घोडी उभी ऱ्हाती का उधळती, तेवढं सांग मला. मागच्या बारीला आमच्या थोरल्याला पाडलंय एका घोड्यानं. अजून लंगडायलाय."

मी म्हणाले, उभी राहते. म्हणाले खरं, पण तुम्ही नसताना ती कधी वाजापात उभी राहिली नव्हती. लगाम धरून तिला आवरण्याइतका जोर माझ्या बोटांत नव्हता, हे मला माहीत होतं, धाकट्याला माहीत होतं. हलगी कडाडली, फटाक्यांची माळ लागली, तिनं कान मागे टाकले आणि अंग उचललं. धाकटा उठून उभा राहिला. मी लगाम ओढला नाही. मला ओढताच येत नव्हता. मी रोज खरारा करताना टेकवायचे तसा खांदा तिच्या खांद्याला टेकवला आणि सगळं वजन तिच्यावर टाकलं. ती थरथरली. मग माझं वजन तिनं घेतलं आणि उभी राहिली. मारुतीच्या देवळापर्यंत आम्ही तशाच गेलो, एकमेकींना टेकून.

नवरदेव उतरला तेव्हा त्याच्या पांढऱ्या पायजम्याला पोटरीच्या आतून मळाचा पट्टा उमटला होता. पोटाखाली माझा हात पोचला नव्हता. धाकट्यानं ते बोट करून दाखवलं. "बघा वहिनी. अप्पा असते तर..."

ते खरंच होतं. तुमचं धोतर ओढून बघितलं असतं तर मी त्या दिवशीही नापास झाले असते.

आजीनं नातवाच्या पायजम्यावर थाप मारून धूळ झटकली. "घोड्यावर बसल्यावर काय हळद लागती व्हय?" आणि मला म्हणाली, "तुळशीचं लगीन झालं की धाकट्या नातवाचं काढायलाव. हीच घोडी आन. आन तूच ये, दुसरं कोनी नको."

त्याच आठवड्यात धाकटा पुण्याला गेला, एकटा. जत्रा आली आणि गेली. नंतर मी संतपूरला गेले, हुलसूरला गेले, सीमेपलीकडे उदगीरकडच्या गावांनाही गेले. आता लग्नात गाड्या सजवतात, आणि घोडीही म्हातारी झालीय, डोळ्यांवर खळगे पडलेत. तरी लग्नसराईत एखादं घर येतंच. माझी बोटं आता बाहेरच्या बाजूला वळलीत, पारच. डॉक्टर गोळ्या देतात आणि म्हणतात, काम कमी करा. मी हो म्हणते आणि घरी येऊन पिशवीत हात घालते.

तेव्हा सांगायचं ते एवढंच. हे हात घोडीचे न्हाईत असं तुम्ही म्हणाला होतात. माझे हात तुमच्यापेक्षा चांगले आहेत असं मी म्हणत नाही. ते वाईटच आहेत. पण घोडी त्यांच्याच हाती आहे, आणि तिच्या पोटाखाली थोडी धूळ राहते, राहू दे. कापड ओढून बघणं मी सोडून दिलं. ते कापड तसंही आता मळकंच असतं, त्यानंच घासते ना. तुमचा पट्टा कापला, ठोकळा घेतला, गाठी बदलल्या, बाजूंचा क्रम मोडला. तुमची एकही रीत ठेवली नाही, असं मी गावात सगळ्यांना सांगते.

ते पुरतं खरं नाही. सगळं झालं की मी पिशवी काढते. बोटं सरळ होत नाहीत, म्हणून डाव्या हातानं उजवा तळहात दाबून उलगडते, आणि तिच्या मानेपासून शेपटीपर्यंत एकदा उघडा फिरवते. थंडीत तो सगळ्यात जास्त दुखतो. आजही दुखला. हे कुणाला माहीत नाही, आणि तुम्हालाही सांगायचं नव्हतं.