अम्युनिशन म्हणजे डाळ-तांदूळ

८ नोव्हेंबर
खोटं बोलले! तेही सासूबाईंशी, आत्यांशी.

सीमेवरून सार्थकचा फोन आला. मायलेकरांचं बोलणं चाललेलं, तेवढ्यात रेंज गेली. आत्या माझ्याकडं वळल्या — "आता अम्युनिशनच्या गाडीवर हाय म्हनला. म्हंजी काय गं, स्नेहल?"

दारूगोळा! माझा नवरा ट्रकभर दारूगोळा घेऊन घाट चढतोय. आणि मी काय म्हणाले? "शिधा हो, आत्या. डाळ-तांदूळ, पीठ."

काय करू मग? त्यांना शुगर. तो सीमेवर गेल्यापासून मेंगाईला नवस — पोरगं सुखरूप घरी येईस्तोवर पायात चप्पल घालायची नाही. भातकापणीत धसकटं लागून टाच चिघळलीय. डॉक्टर ओरडले, पाय गमवाल म्हणून. ऐकतात कुठं!

९ नोव्हेंबर
आत्यांनी देवीची ओटी भरली. "लेकरू शिध्याच्या गाडीवर हाय, आई. आता मला मोकळी कर." आणि चपला घातल्या!

हायसं वाटलं. मग मोरीत जाऊन रडले. नवस मी मोडायला लावला. उद्या त्याला काही झालं तर — नको, लिहवत नाही.

१२ नोव्हेंबर
आत्यांचा विंझर गावभर डंका! एसटीच्या थांब्यावर, दुकानात — "माजा सार्थक अम्युनिशन न्हेतो. जवानांच्या पोटाला लागतं त्ये."

दुकानात चिमाजीअण्णा बसलेले. उभा जन्म फौजेत गेलेला माणूस! म्हटलं, आता फुटलं बिंग. अण्णांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. एवढंच म्हणाले, "व्हय, त्याच्याबिगर फौज हालत न्हाई."

लाज वाटली.

१३ नोव्हेंबर
घास उतरत नाही. आत्या विचारतात, "दिस गेलं का काय गं?" काय सांगू!

१७ नोव्हेंबर
टाच आणखी चिघळलीय. चपला घालूनसुद्धा! मलम लावताना त्या म्हणाल्या, "व्हईल बरी, लई मनावर घेऊ नगं." देवी माझा राग त्यांच्यावर काढतेय का? बास झालं. उद्या खरं सांगून टाकते. शिव्या देऊ देत.

१८ नोव्हेंबर
सांगायला परसात गेले. आत्या पाठमोऱ्या, फोनवर. चपला भिंतीशी, पाय चिखलात.

"दुकानात भेटला त्याच दिशी चिमाजीनं समदं सांगितलं रं मला. जपून चालव गाडी. नवस फिरून धरलाय म्या, चपला निस्त्या स्नेहलम्होरं घालते. पर तिला कळू दिऊ नगंस हां. त्या भाबडीला वाटतंय, तू डाळ-तांदूळच न्हेतोस."