खांद्याची लोकर

४ फेब्रुवारी
पाच महिने वहीला हात लावला नाही, त्याबद्दल वरमून बसले आहे. कामाचं निमित्त सांगता येईल, पण ते खरं नाही. इथे बसलं की खरं लिहावं लागतं, आणि मला काही दिवस नुसतं खुशीत राहायचं होतं.

आमच्या गिरणीच्या प्रयोगशाळेचा अहवाल सरकारी समितीनं सप्टेंबरातच मान्य केला: आपल्या मेंढ्यांची लोकर कोटाच्या कापडाला चालेल, तंतूची जाडी सरासरी तेवीस मायक्रॉन. आता बाहेरची लोकर बंद, दोन नव्या गिरण्या उभ्या राहणार. अहवालावर सही माझी. हे म्हणाले, "देशाला कोट घालायला निघालीस, माझ्या कोटाचं बटण कधी लावतेस?" मी हसले. पण कोट काही हातात घेतला नाही. का, ते उद्या लिहीन.

५ फेब्रुवारी
नाही लिहिलं.

७ फेब्रुवारी
लिहिते. तीन तारखेला त्याच मेंढ्यांची शिल्लक पोती सहज तपासली. एकतीस! यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा लावलं. एकतीस. एवढ्या जाड लोकरीची घोंगडी होते, गालिचा होतो. कोट केला तर माणूस दिवसभर अंग खाजवेल.

चूक कुठे झाली ते आता कळलं. नमुना न निवडलेल्या पोत्यांतून, वरखाली हात घालून काढायचा असतो. मी तो निवडणीच्या मेजावरून उचलला. तिथे लोकर आधीच वेगळी केलेली असते — खांद्याची मऊ एका टोपलीत, पोटा-मांड्यांची राठ दुसरीत. माझ्या वाट्याला सगळी खांद्याची आली. नवशिक्यानंही करू नये असली चूक.

९ फेब्रुवारी
निवडणी विभागात गेले. तिथल्या मुख्य बाईंना सगळी गिरणी आत्या म्हणते. तीस वर्षं नुसत्या बोटांनी लोकर ओळखतात. विचारलं, "आत्या, त्या दिवशी मला खांद्याचीच का दिलीत?"

हात न थांबवता म्हणाल्या, "मी विचारलं होतं की, बाई, सगळी मिसळून देऊ का. तुम्ही म्हणालात, चांगली असेल ती द्या. मग दिली. पाहुण्याला कोण फुटका कप देतं?"

आठवेना. मग आठवलं. घड्याळाकडे बघत म्हणाले होते. घाई होती, खरंच होती. पण नुसती घाईच? तेवीस आकडा आला तेव्हा मी पुन्हा तपासलं नाही. एकतीस आल्यावर मात्र लगेच यंत्रावर संशय!

१० फेब्रुवारी
नव्या गिरण्यांसाठी बारीक सुताची यंत्रं मागवली आहेत. आपली लोकर त्यांवर तुटत राहील. गिरण्या बंद पडतील, आणि मग कांबळ्यांसाठीसुद्धा कुणी आपली लोकर विचारणार नाही.

१२ फेब्रुवारी
आमच्या गिरणीच्या साहेबांना सगळं सांगितलं. मी काय म्हणाले होते, तेसुद्धा. ते पेपरवेट फिरवत राहिले. "यंत्रं जहाजावर चढलीत, बाई. तुम्ही कुठे बोलू नका. मी बघतो."

'मी बघतो' ऐकून हलकं वाटलं. त्याचीच लाज वाटते आहे.

१५ फेब्रुवारी
साहेब काही बोलत नाहीत, मी विचारत नाही. सकाळी लेक म्हणाली, "आई, तिसऱ्यांदा तीच वेणी घालतेयस."

१७ फेब्रुवारी
साहेब हल्ली आपणहून नमस्कार करतात. पूर्वी करत नसत.

१९ फेब्रुवारी
साहेबांनी समितीला पाठवलेल्या पत्राची प्रत टेबलावर आली. निवडणी विभागानं चुकीचा नमुना पुरवला, संबंधित कामगारानं लेखी कबुली दिली आहे. सोबत कबुली. खाली आत्यांची सही, शाळेत गिरवल्यासारखी.

धावत गेले. त्यांची जागा रिकामी. शेजारची म्हणाली, "आत्याला सकाळीच घरी बसवलं. जाताना बजावून गेली, बाईंना कुणी काही बोलू नका, त्यांची पोर अजून शिकतेय, माझं काय, निवृत्तीला सातच महिने उरलेत."

उद्या: समितीचं कार्यालय दहाला उघडतं. साडेनऊला दारात, कबुली माझ्या अक्षरात.