सगळं वाचलंय, असं मी सांगितलं

दादा, आज सकाळी मी वाचनावर भाषण दिलं. घरी येऊन दोनदा तोंड धुतलं, चहा घेतला, तरी किळस जात नाही. सातपूरला आपल्याच कंपनीत नवी शिकाऊ मुलं आली होती, त्यांच्यापुढे ‘वाचन आणि नेतृत्व’ या विषयावर पाऊण तास बोललो. वाचन माणसाला घडवतं, वाचणाराच चार लोकांना पुढे नेतो, असलं सगळं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझी ओळख करून देताना साहेबांनी तुमचंही नाव घेतलं, म्हणाले, यांचे वडील आमच्या कामगार कमिटीचे जुने सेक्रेटरी, यांच्या रक्तातच वाचन आहे. मी मान खाली घालून नम्रपणे हसलो. ते हसू आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. मखमलाबादच्या मळ्यातून सायकल मारत तुम्ही पहिल्या पाळीला यायचात, शाळा सातवीपर्यंतची, आणि कंपनीबरोबर करार व्हायचा तेव्हा तो कॅन्टीनमध्ये सगळ्यांना वाचून दाखवायचात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी तेव्हा डिप्लोमा संपवून नुकताच टूलरूमला लागलो होतो आणि मला तुमची लाज वाटायची. बाहेर पाऊस, आत मशीनवरच्या कूलंटचा वास, दीडशे माणसं डबे खातायत, आणि तुम्ही फाटक्या डिक्शनरीत बोट घालून एकेक इंग्रजी वाक्य मराठीत सांगताय. एका कराराला सहा जेवणाच्या सुट्ट्या लागायच्या. कोणीतरी ओरडायचं, ‘‘दादा, लय लांबतंय, पगाराचं तेवढं सांगा ना!’’ तुम्ही चष्मा वर करून म्हणायचात, ‘‘पगाराचं समद्यांनाच समजतं. बाकीचं ऐक.’’ आणि पुन्हा सुरू. सहाव्या दिवशी हात वर व्हायचे, मगच तुमची सही.

त्याच वर्षी मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं, उत्तम पुढारी कसं व्हावं असल्या थाटाचं. स्वयंपाकघरात आई भाकरी टाकत होती, आपण दोघं पाटावर, आणि मी त्यातली वाक्यं तुमच्या तोंडावर फेकत होतो. तुम्ही ठेच्यात तेल कालवत ऐकून घेतलंत आणि विचारलंत, शेवटी काय म्हणतो तो? मला सांगता येईना. दोन प्रकरणं आणि मागच्या कव्हरवरचा मजकूर एवढंच माझं वाचन होतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. ‘‘नाय वाचलं तर नाय वाचलं म्हण, त्यात लाज नाय. पण न वाचता वाचलं म्हणू नको. लोक तुझ्यावर इसंबून ऱ्हातील.’’ मी ताट सोडून उठलो. आईने हाक मारली, मी गेलो नाही.

तुम्ही गेल्यावर कमिटीत मला बसवलं. का, तर मी दादांचा मुलगा आणि माझ्याकडे पुस्तकांचं कपाट. चारेक वर्षांनी नवा करार आला, अडतीस पानांचा. तो चार दिवस माझ्या घरी टेबलावर पडून होता. मी पगारवाढीचं पान वाचलं, बोनसचं वाचलं, गणवेशाचं वाचलं, आणि पुढे कंटाळा आला. दुसरं काही कारण नव्हतं, दादा. टीव्हीवर मॅच होती. गेट मीटिंगला पॅकिंगमधल्या एकाने विचारलं, वाचून दाखवणार का? मी म्हणालो, आता तो जमाना गेला, मी सगळं वाचलंय, मुद्दे सांगतो. फळ्यावर पाच मुद्दे लिहिले. मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘दादांचा पोरगा वाचलं म्हणतोय ना, मग झालं.’’ हात वर झाले. दुसऱ्या दिवशी पर्सोनेल ऑफिसर म्हणाला, नीट वाचून घ्या हं. मी अडतीसही पानांवर खाली छोटी सही ठोकत गेलो.

वर्षाच्या आत पॅकिंगमधल्या चौदा जणांना पत्रं आली. गुजरातच्या प्लँटला बदली, हजर झाला नाहीत तर राजीनामा समजला जाईल. तसं कलम करारातच होतं. त्या चौदांत माझा जवळचा मित्र होता, हरसूलकडचा. त्याची आई तिकडे गावी, बायको इथे सातपूरला अंगणवाडीत. तो कराराच्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन घरी आला, स्वयंपाकघरातच बसला, तुमच्या जागी. कलमाखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली होती. ‘‘तू वाचलं तवा हे होतं का?’’

मी म्हणालो, नव्हतं.

‘‘खाली तुझी सही हाय.’’

मी म्हणालो, पान बदललंय. सही माझ्यासारखी केलीय.

दादा, त्याचा चेहरा एकदम सैल झाला. नोकरी चालली होती, घर मोडत होतं, आणि हा माणूस सुटकेने म्हणाला, ‘‘तरीच! मी म्हणलं, दादांचा पोरगा असलं सोडंल कसं?’’ दुसऱ्या दिवशी त्या चौदा जणांनी पर्सोनेल ऑफिसरला घेरलं, चोर म्हणाले, त्याची कॉलर धरली. मी पुढे उभा होतो. तो घामाघूम झालेला माणूस फक्त माझ्याकडे बघत होता. मीही चोर म्हणालो. चौदातले नऊ गुजरातला गेले, बाकीच्यांनी हिशोब घेऊन नोकरी सोडली. दोन वर्षांनी कंपनीने मला ऑफिसर केलं आणि आता मी मुलांना वाचनाचं महत्त्व सांगतो. थू आहे माझ्यावर.

आज दुपारी त्या मित्राचा गुजरातहून फोन आला. भाषणाचं त्याला इथल्या कोणीतरी कळवलं होतं. आई गेली तेव्हा त्याला वेळेवर पोचता आलं नव्हतं, तरी त्याचा माझ्यावर राग नाही. म्हणाला, ‘‘दादांचं नाव काढलंस गड्या. इथं नव्या पोरांना मी सांगतो, आमचा माणूस पान अन् पान वाचायचा, पण कंपनीनं दगा केला.’’ तिथे तो आता कमिटीत आहे. करार आला की जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवतो, पुन्हा दगा व्हायला नको म्हणून. मी म्हणालो, छान करतोस.

फोन ठेवल्यावर कागद घेतला आणि वर त्याचंच नाव लिहिलं. दोन ओळी झाल्या आणि हात थांबला. मग तो कागद फाडून तुम्हाला लिहायला बसलो. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे, दादा. पण तो हे शेवटपर्यंत वाचेल.