आठवा ॲडमिरल नेमण्याबाबत

प्रति,
मा. सचिव साहेब,
आरमार खाते, लंडन.
मार्फत : देखरेख अधिकारी, आरमारी गोदी, एस्क्वायमॉल्ट, व्हँकूव्हर बेट.

अर्जदार : श्रीमती डॉर्कस पेंगली, धोबीण, राहणार गोदीच्या वरच्या अंगास.
अर्ज लिहिणार : टोबायस ऑल्डरिज, निवृत्त कारकून, गोदीचे कोठार.

विषय : बंद केलेल्या पॅसिफिक तळावर एक ॲडमिरल, निदान नावापुरता, नेमण्याबाबत.
संदर्भ : अर्जदार बाईंचे १८८८ पासूनचे सात अर्ज, दर नव्या साहेबास एक.

महोदय,

अर्जदार बाईंना सहीपुरतेच लिहिता येते, सबब हा अर्ज माझ्या हातून जात आहे. म्हणणे त्यांचे, कारकुनी वळण माझे. मध्येच कुठे माझे तोंड सुटले असल्यास त्याचा राग बाईंवर काढू नये.

१. बाईंचे यजमान एफ्राइम पेंगली हे निशाणाच्या जहाजावर, म्हणजे ज्यावर खुद्द ॲडमिरल साहेब असत त्या जहाजावर, भट्टीत कोळसा टाकण्याच्या कामास होते. लग्नानंतर दीड वर्षाने, मे १८८८ मध्ये, ते जहाजावरून पळाले. पटावर त्यांच्या नावापुढे 'पळाला' असा शेरा पडला. असा माणूस किनाऱ्यावर दिसला की धरायचा, हा नियम. माफी मिळाल्याखेरीज यजमान घरी येऊ शकत नाहीत, आणि यजमान घरी यावेत एवढेच बाई अठरा वर्षे मागत आल्या आहेत.

२. येथे दर तीनेक वर्षांनी साहेब बदलत. नवे साहेब आले की पहिल्या सोमवारी त्यांचे कपडे बाईंकडे यायचे. बाई त्यांवर तांबड्या दोऱ्याने साहेबांची अक्षरे घालायच्या आणि शनिवारी धुतलेल्या कपड्यांची पाटी परत जाताना सर्वांत वरच्या सदऱ्यावर माफीचा अर्ज ठेवायच्या. असे सात साहेब झाले. त्यांच्या लढाया आणि पदके खात्याच्या दप्तरात असतीलच, बाई त्यांना कॉलरींवरून ओळखतात. पहिल्यांना खळ इतकी कडक लागे की सदरा आपला आपण उभा राहायचा. त्यांनी अर्जावर 'पाहू' लिहिले. दुसऱ्यांनी लिहिले, 'आधी हजर व्हावे.' तिसऱ्या साहेबांच्या बाह्यांना नेहमी माशाचे खवले. त्यांनी काहीच लिहिले नाही, पण अर्जाबरोबर एक भलामोठा सॅमन मासा पाठवला, तो निम्मा मी खाल्ला आहे. चौथ्यांनी दोन पाने भरून कारणे दिली, सगळी विरुद्ध बाजूची. पाचव्यांची बदली इतक्या लवकर झाली की अर्जही त्यांच्या सामानातून गेला असावा. सातवे तर ॲडमिरलसुद्धा नव्हते, एक पायरी खालचे कमोडोर होते. बाईंनी तेही चालवून घेतले.

सहावे साहेब मात्र टोपी हातात घेऊन स्वतः दारात आले होते. म्हणाले, "बाई, तो आहे कुठे तेवढं सांगा. माफीचं मी बघतो."

बाई म्हणाल्या, "साहेब, मला ठाऊक असतं तर मी इथे तुमचे मोजे पिळत कशाला बसले असते?"

हे धादांत खोटे होते. साहेब गोड बोलून नवऱ्याला पकडतील, या धास्तीने बाईंनी जीभ आवरली. यजमान सामुद्रधुनीच्या पलीकडे, अमेरिकेच्या हद्दीत, पोर्ट टाउनसेंडच्या लाकूड कापण्याच्या गिरणीत आहेत हे साऱ्या गावाला माहीत आहे. आगबोटीने अर्ध्या दिवसाची वाट.

३. शेजारच्या खानावळीची मालकीण लव्हिनिया स्पूनर हिची जीभ तिखट. कुंपणावरून रोज विचारायची, "काय गं डॉर्कस, तुझा नवरा ॲडमिरलला भितो की तुला?" बाईही काही कमी नाहीत. "ॲडमिरलला! तूसुद्धा त्याला बघून टोपी नीट करतेसच की!" यावर दोघी हसत आणि आपापल्या कामाला लागत.

निशाणाचे जहाज होनोलुलूकडे फेरीला गेले की बाई दोरीच्या टोकाला तांबडी फ्लॅनेल वाळत घालत. म्हणजे साहेब घरी नाहीत, भेटून जा. आगबोटीवरची माणसे ती खूण पाहून पलीकडे निरोप देत. त्या खुणेवर कधी कोणी आले का, असे मी हा अर्ज लिहिताना विचारले. बाई पाणी तापवायला आत गेल्या.

४. दिनांक १ मार्च १९०५ रोजी तळ उठला. जहाजे गेली, साहेब गेले, मागोमाग निम्मे गाव गेले. पत्ते खेळायला चौथा गडी मिळत नाही. बाईंच्या चार दोऱ्यांपैकी एकीवरच कपडे असतात, आणि ते बाईंचेच असतात.

गोदीचा राखणदार मनाने चांगला. तो ओरडून म्हणाला, "अहो बाई, आता धरायला आहे कोण? मी आणि माझा कुत्रा! बोलवा की त्याला!" गावातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या आणि वाळलेलेच कपडे पुन्हा पिळायला लागल्या, हे मी पाहिले आहे.

पुढच्याच महिन्यात बाईंनी पलीकडच्या वर्तमानपत्रात तीन आठवडे जाहिरात दिली. 'ॲडमिरल गेले. घर तेच आहे. डी.' एवढ्यावर न थांबता आगबोटीचा तिकीट तपासणारा ते कात्रण घेऊन गिरणीवर गेला आणि यजमानांच्या हातात ठेवून आला. त्याने सांगितले ते असे : एफ्राइम यांनी कात्रण उभ्याउभ्या वाचले, घडी करून खिशात घातले, "बरं," म्हणाले आणि पाळीवर गेले.

त्याला आज एकोणीस महिने झाले.

५. ॲडमिरल होते तेव्हाही बाई एकट्याच होत्या. पण सरकारने नवरा अडवून ठेवला आहे असे म्हणताना मान ताठ राहते. आता म्हणायला काही उरलेले नाही. लव्हिनियाने टोमणे मारणे बंद केले आहे. त्याबद्दल मी समाधान व्यक्त केले, तेव्हा बाई पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या. म्हणाल्या, "टोबायस, बोलत होती तेच बरं होतं रे. आता ती मला सूप आणून देते."

६. सबब विनंती की, या तळावर एक ॲडमिरल नेमावा. त्यांनी येथे यायची गरज नाही. जहाज नको, तोफा नकोत, बंगला उघडायलाही नको. राजपत्रात नाव छापावे आणि गोदीच्या टेकडीवर त्यांचे निशाण लावावे, ते खानावळीच्या दारातून दिसेल इतके उंच असावे. साहेबांनी कपडे बोटीने पाठवल्यास बाई ते फुकट धुऊन देतील.

एवढे लिहून झाल्यावर मी विचारले, "डॉर्कस, आणि माफीचं काय लिहू?" बाईंनी रिकाम्या बंदराकडची खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "आठवा अर्ज जोड. साहेबांना म्हणावं, देऊ नका."

तरी नव्या साहेबांनी सोबतचा अर्ज नामंजूर करावा, आणि पेंगली यांस घरी येण्याची सक्त मनाई आहे असे मोठ्या अक्षरांत, मोहोर उठवून लेखी कळवावे. कागद शेजारणीला वाचता यावा, एवढी मेहेरबानी व्हावी.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
डॉर्कस पेंगली (सही स्वहस्ते)

एस्क्वायमॉल्ट, दि. १२ नोव्हेंबर १९०६.
मजकूर बाईंना वाचून दाखवला. रडल्याचे वाक्य खोडा म्हणाल्या, ते मी खोडलेले नाही. टो. ऑल्डरिज.

सोबत :
१. वर्तमानपत्रातील जाहिरातीचे कात्रण.
२. एफ्राइम पेंगली यांच्या माफीचा अर्ज, क्रमांक आठ. नामंजूर करण्यासाठी.