रूथबाईंच्या बहिणीची पहिली रेकॉर्ड

तीर्थरूप आईस, शिकागोहून राजनंदिनीचा वाकून नमस्कार.

मी बरी हाय, वेळेवर जेवती. म्हैस व्याली का?

माझ्या घरमालकीण रूथबाई. त्यांची थोरली बहीण मोठी गायिका हुती. परवा त्यांनी तिची पहिली रेकॉर्ड लावली. चौदा वर्षांची पोर चर्चमधी देवाचं गाणं म्हणती, मागं बाप टाळ्यांचा ठेका धरतो. आपल्या डाळज गावच्या भजनातला तुझा आवाज आठवला आन् मला रडू आलं.

रूथबाईंना तुझ्या भजनाचं सांगितलं, तवा त्यांनी विचारलं, “तुझी आई गाते अजून?”

“आबा, म्हंजी माझे वडील, गेल्यापासून न्हाय.”

“तू म्हणालीस का तिला, गा म्हणून?”

फोनवर म्हणायला धीर हुईना, म्हणून लिहिती. हितं मराठी कानावर पडत न्हाय, आई. एकदा फोन लाव आन् नुसतं गा. मी मधी बोलणार न्हाय.

तुझीच,
राजी